आवड होती, वाट नव्हती



टस्कीगी हे गाव महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांनी पाहिले असेल, पण नाव मात्र घरोघरी माहीत आहे. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले आणि अमेरिकेच्या अलाबामा राज्यातली ती नापीक झालेली जमीन, तिथला भुईमूग, रताळी आणि त्यांच्यासाठी आयुष्य वेचणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर इथल्या शाळकरी मुलांच्याही ओळखीचे झाले. कार्व्हरांच्याच संस्थेच्या आवारातली पुढची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही. कार्व्हर ५ जानेवारी १९४३ रोजी गेले. १९४५ मध्ये टस्कीगीत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. अमेरिकेत आजवर जेवढे कृष्णवर्णीय पशुवैद्य झाले, त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के या एकाच महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले आहेत.

हा आकडा ऐकून टस्कीगीबद्दल आदर वाटतो आणि वाटायलाच हवा. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत आज मान्यताप्राप्त पशुवैद्यकीय महाविद्यालये तीसहून अधिक आहेत. एकट्या टस्कीगीने सत्तर टक्क्यांचा भार उचलला असेल, तर बाकी सगळी मिळून इतकी वर्षे काय करत होती?

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरांचे डॉक्टर होते. म्हणून यंदाच्या व्याख्यानासाठी हा विषय निवडला आहे.

अमेरिकेची लोकसंख्या जवळपास चौतीस कोटी आहे. तिच्यात कृष्णवर्णीय तेरा-चौदा टक्के आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे एकोणीस-वीस टक्के आहेत. पशुवैद्यांमध्ये मात्र दहातले नऊ गोरे. कृष्णवर्णीय पशुवैद्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे एक-दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिले आहे. डॉक्टर, वकील, अभियंते या पेशांतही विषमता आहे, पण इतकी टोकाची नाही. २०१३ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकाने देशातल्या सर्वांत ‘गोऱ्या’ व्यवसायांची यादी छापली, तेव्हा पशुवैद्यकाचे नाव अगदी वर होते.

याचा एक सोपा खुलासा अनेक वर्षे ऐकवला गेला. या समाजांतल्या मुलांना जनावरांची आवडच नसते, ती शहरात वाढतात, मग या वाटेला येतील कशाला? दिसायला निरुपद्रवी वाटणारा हा खुलासा इतिहासाला धरून नाही, आणि त्याने नुकसानही फार केले आहे.

टेनेसी राज्यातल्या शेल्बीव्हिलचे विल्यम की यांचेच पाहा. १८३३ साली ते गुलाम म्हणून जन्मले. कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढायची मुभा नसलेल्या या माणसाने घोड्यांवर उपचार करण्यात असा हातखंडा मिळवला की लोक त्यांना डॉक्टर की म्हणू लागले. यादवी युद्ध संपल्यावर त्यांनी स्वतः तयार केलेले चोळायचे औषध विकून चांगला व्यवसाय उभा केला. १८८९ साली त्यांच्याकडे एक शिंगरू जन्मले, अशक्त आणि पाय वाकडे असलेले. की यांनी ते घरच्या माणसासारखे वाढवले. चाबूक न उगारता, केवळ चुचकारून त्याला अक्षरे ओळखायला आणि बेरीज-वजाबाकी करून दाखवायला शिकवले. ‘ब्युटिफुल जिम की’ या नावाने तो घोडा देशभर गाजला, १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातही झळकला. त्याचे खेळ पाहून लाखो मुलांनी मुक्या जिवांशी दयेने वागण्याची शपथ घेतली. अशा माणसाच्या वंशजांना जनावरांचे प्रेम नाही असे म्हणणाऱ्याने निदान शेल्बीव्हिलला तरी जाऊन यावे.

गुलामीच्या काळात दक्षिणेतल्या मळ्यांवरचे घोडे, खेचरे आणि गुरे सांभाळणारे हात बहुतांशी कृष्णवर्णीयांचेच होते. अडलेली गाय सोडवणे, पोटशुळाने लोळणाऱ्या घोड्याला उठवून फिरवत ठेवणे, खुरातला खिळा काढणे, ही विद्या त्यांच्याकडे होती. पुढे या विद्येला पदवी आणि परवाना लागू लागला. पदवी देणाऱ्या दारावर मात्र त्यांच्यासाठी कुलूप होते.

कुलूप म्हणजे कसे, ते नकाशावर दिसते. टस्कीगीपासून तीस-बत्तीस किलोमीटरवर ऑबर्न आहे. तिथे १९०७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय होते. दक्षिणेतले ते पहिले. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेत अशी दोनच महाविद्यालये होती, ऑबर्न आणि टेक्सास ए अँड एम, आणि दोन्ही फक्त गोऱ्यांसाठी. टस्कीगीच्या शेतकऱ्याचा मुलगा बैलगाडीनेही एका दिवसात ऑबर्नला पोहोचला असता. पण विद्यार्थी म्हणून आत जायला त्याला १९६४ साल उजाडावे लागले.

उत्तरेत दार थोडे किलकिले होते. त्रिनिदादमध्ये जन्मलेले ऑगस्टस लशिंग्टन १८९७ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून पशुवैद्य झाले आणि पुढे व्हर्जिनियातल्या लिंचबर्गमध्ये त्यांनी व्यवसाय केला. आयोवा आणि कॅन्सासच्या राज्य महाविद्यालयांनीही मोजक्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना घेतले. त्या मोजक्यांत एक होते फ्रेडरिक डग्लस पॅटरसन.

पॅटरसन यांच्यावर जरा थांबायला हवे, कारण या गोष्टीतला कर्ता पुरुष तोच. जन्म १९०१ चा, वॉशिंग्टन शहरातला. दोन वर्षांचे होण्याआधीच आई आणि वडील दोघेही क्षयाने गेले आणि थोरल्या बहिणीने त्यांना टेक्सासमध्ये वाढवले. तिथल्या प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात त्यांना एडवर्ड इव्हान्स नावाचे पशुवैद्य भेटले. इव्हान्स स्वतः आयोवातून शिकून आलेले. त्यांचे काम पाहून या मुलाने ठरवले की आपणही हेच व्हायचे. पुढे १९२३ मध्ये तो आयोवातून पशुवैद्य झाला, कॉर्नेलमधून त्याने डॉक्टरेट मिळवली आणि १९३५ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो टस्कीगी संस्थेचा अध्यक्ष झाला. हा तपशील महत्त्वाचा आहे. पॅटरसन पशुवैद्य झाले ते एक पशुवैद्य डोळ्यांसमोर दिसला म्हणून. आपल्यासारखा दिसणारा माणूस ते काम करताना पाहायला मिळणे ही भावनेची गोष्ट आहेच. पण ज्याला वाट विचारायची तो माणूसच आसपास नसेल तर मुलाने वाट विचारायची कोणाला?

अध्यक्ष झाल्यावर पॅटरसन यांनी टस्कीगीत कृष्णवर्णीय वैमानिकांचे प्रशिक्षण आणले, १९४४ मध्ये कृष्णवर्णीय महाविद्यालयांसाठी एकत्र निधी जमवणारी युनायटेड नीग्रो कॉलेज फंड ही संस्था काढली आणि त्याच सुमारास पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा घाट घातला. प्राध्यापक मिळणेही अवघड होते, कारण पात्र कृष्णवर्णीय पशुवैद्य देशभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॅन्सासमधून नुकतीच पदवी घेतलेल्या तरुणांना बोलावून शिकवायला उभे केले गेले. पहिली तुकडी १९४९ मध्ये बाहेर पडली.

दक्षिणेतल्या राज्यांनी या कष्टांचा उपयोग आपल्या सोयीसाठीही करून घेतला. १९४८ च्या प्रादेशिक शिक्षण करारानंतर अनेक राज्ये टस्कीगीतल्या जागांसाठी पैसे मोजू लागली. आपल्याकडच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला तिकडे पाठवले की स्वतःच्या महाविद्यालयाचे दार उघडायला नको. टस्कीगीला पैसा मिळाला हे खरे. पण तो पैसा भेदभाव टिकवण्यासाठी मोजला जात होता, हेही तितकेच खरे.

१९४९ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी अमेरिकेला पहिल्या दोन कृष्णवर्णीय महिला पशुवैद्य मिळाल्या. टस्कीगीच्या पहिल्या तुकडीतून अल्फ्रेडा जॉन्सन वेब आणि पेन्सिल्व्हेनियातून जेन हिंटन. वेब पुढे प्राध्यापक झाल्या आणि १९७१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळात बसणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिलाही झाल्या. जेन हिंटन यांचे नाव तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज घेतले जाते. घेणाऱ्याला ते कोणाचे आहे हे बहुधा ठाऊक नसते, इतकेच.

गाईला दगडी झाली, म्हणजे कासदाह झाला, की दुधाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यातले जंतू वाढवून वेगळे काढतात, मिठाच्या पाण्यात कालवतात आणि कापसाच्या बोळ्याने एका बशीतल्या फिकट पिवळसर थरावर सारखे पसरवतात. त्यावर वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या ठेवून बशी रात्रभर उबेला ठेवतात. सकाळी काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, तर काहींना चिकटून जंतू मजेत वाढलेले असतात. पट्टी लावून वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि कोणते औषध लागू पडेल ते ठरवायचे. माणसांच्या रुग्णालयातही हीच पद्धत. तो पिवळसर थर म्हणजे म्यूलर-हिंटन अगार. हार्वर्डमध्ये जॉन म्यूलर यांच्याबरोबर काम करताना जेन हिंटन यांनी तो तयार केला आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय होते बावीस, पशुवैद्यकाची पदवी अजून आठ वर्षे लांब होती. पदवीनंतर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या कँटन गावात लहान प्राण्यांचा दवाखाना चालवला आणि नंतर सरकारी पशुनिरीक्षक म्हणून नोकरी केली. ज्या मुलांना वाट मिळाली नाही, त्यांच्यातल्या किती जेन हिंटन आपण गमावल्या याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही.

कायद्याने दारे उघडली साठच्या दशकात. मग त्यानंतरच्या साठ वर्षांत चित्र का पालटले नाही? याचे उत्तर महाविद्यालयाच्या दारापेक्षा बरेच मागे, शेतात सापडते.

पशुवैद्य होणाऱ्या अमेरिकी मुलांची एक मोठी परंपरा घरच्या गोठ्यातून येते. १९२० साली अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते पन्नास हजारांच्याही आत आहेत. वारसाहक्काची कागदपत्रे नसल्याने जमिनी लिलावात गेल्या, कर्ज वेळेवर मिळाले नाही, काहींना दहशतीने हुसकावले गेले. सरकारी कृषी खात्याने कर्जवाटपात भेदभाव केला म्हणून या शेतकऱ्यांनी भरलेल्या पिगफोर्ड खटल्यात १९९९ मध्ये सरकारला मोठी तडजोड मान्य करावी लागली. जमीन गेली तसा गोठा गेला, आणि गोठ्याबरोबर गुरांच्या डॉक्टरला मदत करत मोठे होणारे पोरही गेले.

शाळेतही तेच घडले. शेतीचे शिक्षण घेणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांची ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही देशव्यापी संघटना १९३५ मध्ये टस्कीगीतच स्थापन झाली होती. काळ्या जाकिटावर सोनेरी अक्षरे हा तिचा गणवेश. १९६५ मध्ये ती गोऱ्या मुलांच्या संघटनेत विलीन केली गेली. कागदावर हे एकत्रीकरण होते. प्रत्यक्षात काळे जाकीट गेले, निळे आले, पन्नास हजारांवर कृष्णवर्णीय सदस्यांनी आपले पदाधिकारी गमावले आणि पाहता पाहता ही मुले त्या वर्तुळातून बाहेर पडली. भेदभाव संपवताना त्या मुलांची स्वतःची घडी मोडली आणि नव्या घरात त्यांना जागा दिली गेली नाही. या चुकीची चर्चा व्हायला हवी तेवढी अजूनही होत नाही.

गोठा नसलेल्या मुलासाठी दुसरा रस्ता शहरातल्या दवाखान्याचा. तो पैशाशी येऊन अडतो. अमेरिकेत पशुवैद्यकाला अर्ज करणाऱ्याने पशुवैद्याच्या हाताखाली घालवलेले तास मोजून दाखवायचे असतात. काही महाविद्यालये शेकड्यांनी तास मागतात, आणि प्रवेश मिळवणाऱ्यांच्या नावावर हजाराहून अधिक तास असणे ही सर्रास गोष्ट आहे. हे तास बहुधा बिनपगारी असतात. ज्याचा बाप बिल भरू शकतो तो मुलगा उन्हाळाभर दवाखान्यात उभा राहतो. ज्याला दुकानात काम करून घरी पैसे द्यायचे आहेत त्याने ते तास आणायचे कुठून? मुळात त्याच्या वस्तीत दवाखाना असतोच असे नाही. शिवाय अर्जाचेच शुल्क पहिल्या महाविद्यालयासाठी दोनशे डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येकासाठी शंभराच्या वर. दहा ठिकाणी अर्ज करायचे तर हजाराहून अधिक डॉलर नुसते अर्जातच जातात.

नावाहो आदिवासींच्या मुलखात हा पेच आणखी ठळक दिसतो. मेंढ्या हा तिथल्या घरांचा प्राण. लहान मूलही मेंढी आजारी आहे हे चालीवरून ओळखते. पण पशुवैद्य तासन् तास गाडी चालवल्याशिवाय भेटत नाही, आणि त्याची सही नसेल तर ते ज्ञान पशुवैद्यकीय अनुभवाच्या रकान्यात बसत नाही. क्राउनपॉइंट इथल्या नावाहो टेक्निकल युनिव्हर्सिटीने पशुवैद्यकीय तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम चालवून यातली थोडी उणीव भरून काढली आहे.

प्रवेश मिळाला तरी फी भरायची असतेच. कर्ज काढून शिकलेल्या पशुवैद्याच्या डोक्यावर पदवीच्या दिवशी सरासरी पावणेदोन लाख डॉलरच्या पुढे कर्ज असते. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती १,८८,२०० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची २४,१००. एका घराला कर्ज फेडताना मागे आधार आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून पहिल्यांदाच शिकून पुढे गेलेल्या मुलीला तिची आई म्हणते की एवढेच कर्ज काढायचे तर माणसांची डॉक्टर हो, पगार तरी जास्त मिळेल. तिच्या म्हणण्यात चुकीचे काय आहे?

आता त्यात भर पडली आहे. २०२५ च्या नव्या कायद्याने ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद होते आहे. व्यावसायिक पदवीसाठी वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख डॉलर एवढीच मर्यादा उरते. परराज्यातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्याचा खर्च याच्या बराच वर जातो. वरची रक्कम खाजगी बँकेकडून घ्यायची तर जामीनदार हवा, आणि त्या जामीनदाराची पत हवी. या कायद्यात कुठेही वंशाचा उल्लेख नाही. फटका कोणाला बसणार हे मात्र मध्यक संपत्तीच्या त्या दोन आकड्यांवरून कळते.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २००५ मध्ये विविधतेसाठी खास उपक्रम हाती घेतला. तेव्हा गोरेतर विद्यार्थी दहा टक्क्यांच्या आसपास होते, पुढच्या पंधरा वर्षांत ते वीस टक्क्यांच्या घरात गेले. त्यात आशियाई आणि लॅटिन विद्यार्थ्यांची वाढ मोठी आहे, कृष्णवर्णीयांची फार थोडी. पर्ड्यू विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता विली रीड हे टस्कीगीचेच विद्यार्थी. त्यांच्या कारकिर्दीत तिथे प्राथमिक शाळेतल्या मुलांपासून पदवीधरांपर्यंत हात देणारे कार्यक्रम उभे राहिले. २०१६ मध्ये ‘द व्हेट लाइफ’ या मालिकेतून ह्यूस्टनमध्ये दवाखाना चालवणारे टस्कीगीचे तीन कृष्णवर्णीय मित्र टीव्हीवर दिसले, आणि कित्येक मुलांनी असा डॉक्टर पहिल्यांदाच पाहिला. कॉर्नेलच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला पदवीधरांपैकी एक असलेल्या लीला मिलर यांनी तर बेवारस प्राण्यांच्या आश्रयगृहांसाठीच्या पशुवैद्यकाचा पायाच घातला.

पण वारे उलटे फिरले आहे. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश विचारात घेणे घटनाबाह्य ठरवले. टेक्सास आणि अलाबामाने सार्वजनिक विद्यापीठांतली विविधतेची कार्यालयेच कायद्याने बंद केली.

तरीही हा पेशा बदलू शकत नाही असे कोणी म्हणू नये, कारण तो एकदा बदललेला आहे. १९७० च्या सुमाराला तिथे दहा विद्यार्थ्यांत जेमतेम एक मुलगी असे. मुलींना बैल आवरणार नाही, घोडा लाथ मारेल, लग्न झाले की जागा वाया जाईल, असे तेव्हाचे प्राध्यापक सर्रास बोलत. १९७२ मध्ये शिक्षणातला लिंगभेद कायद्याने बंद झाला. आज विद्यार्थ्यांत सुमारे ऐंशी टक्के मुली आहेत. बैल तेच आहेत, घोडेही तेच. मुलींना जनावरांची आवड नसते हा खुलासा पन्नास वर्षांत कुठल्या कुठे गेला. कृष्णवर्णीय मुलांबद्दलचा तसलाच खुलासा अजून टिकून आहे, कारण मुलींच्या घरात गोठा होता, बापाची पत होती, फीचे पैसे होते. फक्त दार उघडायचे बाकी होते. इथे दारापर्यंतचा रस्ताही बांधून द्यावा लागणार आहे. मेरीलँड ईस्टर्न शोअर या ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय विद्यापीठाने नवे पशुवैद्यकीय महाविद्यालय काढण्याची घोषणा केली आहे. ते उभे राहिले तर टस्कीगीला इतक्या दशकांनी जोडीदार मिळेल.

या विषयाचा महाराष्ट्राशी आणखी एक धागा आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. तिथून आणि राज्यातल्या इतर महाविद्यालयांतून शिकून अनेक मराठी पशुवैद्य अमेरिकेत गेले. तिथे त्यांची पदवी सरळ धरली जात नाही. परदेशी पदवीधरांसाठीच्या परीक्षांचे टप्पे, प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची चाचणी आणि मग परवान्याची परीक्षा असे सगळे नव्याने पार करूनच त्यांना दवाखान्यात उभे राहता आले. बंद दारापुढे उभे राहणे काय असते हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको.

त्या मंडळींना, आणि इथे बसलेल्या ज्यांचे भाऊ, बहिणी, भाचे तिकडे दवाखाने चालवतात त्यांना, एक विनंती आहे. तुमच्या दवाखान्याच्या जवळच्या शाळेत विचारा. जनावरांचा डॉक्टर व्हायचे मनात असलेला, पण घरात कोणी शिकलेले नसलेला एखादा कृष्णवर्णीय, लॅटिन किंवा आदिवासी मुलगा किंवा मुलगी शोधा. त्याला किंवा तिला शनिवार-रविवारी कामावर घ्या, तासाचा पगार द्या, कुत्र्याच्या पायाला पट्टी कशी बांधायची ते दाखवा, आणि अर्ज भरायची वेळ आली की शिफारसपत्रावर सही करा.